पेस्ट्री शेफ व्हायचंय? आधी हाताखालून माल जाऊ द्या, मग फी भरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीकडची मुलगी, वय २३, बी.कॉम. झालेली. दोन वर्षं घरून केकच्या ऑर्डरी घेते. घरात अंडं चालत नाही, म्हणून सगळं एगलेस. आता हेच करिअर करायचं ठरवलंय. मुंबईतल्या एका संस्थेने सहा महिन्यांच्या कोर्सची फी साडेचार लाख सांगितली आहे आणि वडील एफडी मोडायला तयार आहेत. तिचं विचारणं असं की कोर्स करू, थेट नोकरी धरू की घरचाच धंदा वाढवू? आणि वय निघून गेलंय का? शिवाय अंड्याला हात न लावता या धंद्यात निभेल का?

मी मुंबईतल्या हॉटेलांच्या पेस्ट्री सेक्शनमध्ये शिकले, काही वर्षं क्रूझ जहाजावर काढली आणि आता पुण्यात छोटं प्रॉडक्शन किचन चालवते. दर महिन्याला माझ्याकडे मुलं-मुली ट्रायल द्यायला येतात. त्यातले कोण टिकतात आणि कोण पंधरा दिवसांत पळतात हे बघून जे मत झालंय, ते सांगते.

वयाचं आधी संपवू. हॉटेल मॅनेजमेंट करून आलेली मुलं एकवीस-बाविसाव्या वर्षी कॉमी म्हणजे किचनमधला सगळ्यात खालच्या पायरीचा कुक म्हणून लागतात, म्हणजे तुम्ही फार तर एखाद-दोन वर्षं मागे आहात. या धंद्यात तेवढ्याला कुणी विचारत नाही. वय आड येतं ते एकाच ठिकाणी. वर्ल्डस्किल्स या आंतरराष्ट्रीय कौशल्य स्पर्धेत पेस्ट्रीचा वेगळा विभाग असतो आणि तो साधारण बाविशीपर्यंतच्याच मुलांसाठी आहे. भारताला त्यात २०१७ साली अबू धाबीला रौप्य आणि २०२४ साली फ्रान्समधल्या ल्योंला कांस्य मिळालं. ती गाडी तुमची चुकली. बाकीच्या सगळ्या अजून फलाटावर आहेत.

एफडी मात्र आत्ताच मोडू नका. कोर्स वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. पण तुम्ही आजवर जे केलंय आणि पेस्ट्री शेफ दिवसभर जे करतो, त्यात मोठं अंतर आहे. ते अंतर तुम्हाला झेपतं की नाही, हे साडेचार लाख भरून शोधणं फार महाग पडतं.

हॉटेलातला दिवस कसा असतो ते ऐका. सकाळी साडेसहाला नाश्त्याच्या बुफेवर क्रोसाँ, डॅनिश, मफिन, तीन-चार प्रकारचे ब्रेड लागतात. म्हणजे कुणीतरी रात्रीच भट्टीपाशी उभं असतं. दिवसा रेस्टॉरंटची डेझर्ट, रूममध्ये पाठवायची छोटी चॉकलेटं, हाय-टीच्या कुकी, कुणाच्या तरी वाढदिवसाचा ऐनवेळचा केक. संध्याकाळी बँक्वेटला चारशे माणसांचं लग्न. चारशे ग्लासांत मूस, म्हणजे हलकं फेटलेलं थंड डेझर्ट, भरायचं, प्रत्येकात तेवढंच, प्रत्येकावर तीच एक पुदिन्याची काडी, तीही एकाच बाजूला झुकलेली. दोन-अडीचशेनंतर हात जड होतो आणि मूस बसायला लागतं. तिथून पुढचे दीडशे ग्लास पहिल्यासारखे भरता आले, तर तुम्ही या धंद्यातल्या. फुलं काढण्याची कला यात कुठे आली? ती येते, पण फार नंतर, आणि तीही सगळ्यांच्या वाट्याला नाही.

म्हणून सगळ्या निर्णयांना मी एकच गज लावते: हाताखालून किती माल जाणार आहे, आणि तो कोण तपासणार आहे? घरी तुम्ही आठवड्याला पाच-सहा केक करता आणि तपासायला आई असते. ती गोडच म्हणणार.

पहिलं पाऊल म्हणून सांगली-मिरजेतली किंवा कोल्हापुरातली एखादी धडाक्यात चालणारी बेकरी गाठा. झगमगीत केक शॉप नको. जिथे खारी, टोस्ट, नानकटाई, क्रीमरोल आणि पाव रोज पोत्यांनी होतात अशी बेकरी. तीन महिने सकाळच्या पाळीला उभं राहू द्या म्हणून मालकाला विचारा, पगाराचा हट्ट धरू नका. मुलीला भट्टीपाशी ठेवायला मालक कां-कूं करतील. मग केक-क्रीमच्या टेबलावर ठेवा म्हणा, पण पीठ मळायच्या वेळी मी तिथे असणार, एवढं ठरवून घ्या. लोकांना वाटतं खारी म्हणजे चहात बुडवायची गोष्ट, तिच्यात शिकण्यासारखं काय? खारी ही पफ पेस्ट्री आहे. पीठ, त्यात स्निग्धाचा थर, मग लाटणं आणि घड्या. पॅरिसच्या मिलफॉय या पापुद्र्यांच्या पेस्ट्रीत लोणी असतं, आपल्या खारीत वनस्पती किंवा मार्गारिन, पण पापुद्रा सुटण्याचं कारण तेच: थरांमध्ये अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती थर उचलते. वस्ताद हे शब्दांत सांगणार नाही. तो पीठ दाबून बघतो आणि 'अजून बसू दे' म्हणतो. ते 'बसू दे' का, हे तुम्ही घरी जाऊन वाचायचं.

(जाता जाता: मुंबईत हायकोर्टाच्या जानेवारी २०२५ च्या आदेशानंतर लाकडाच्या भट्ट्या बंद करून गॅस किंवा विजेवर जायला बेकऱ्यांना सांगितलं गेलं. जुन्या इराणी-मुसलमान बेकऱ्यांमध्ये लाकडाच्या आचेवर ब्रून पाव (कडक कवचाचा पाव) भाजत आलेले हात आहेत. मुंबईला गेलात आणि अशी भट्टी अजून पेटती दिसली, तर ते बघून घ्या. डेक ओव्हनमध्ये नॉबवर तापमान लिहिलेलं असतं; तिथे ते पिठाची चिमूट टाकून ती किती वेळात करपते यावरून ओळखतात.)

तीन महिन्यांनंतरही सकाळी उठून जावंसं वाटत असेल, तर शिक्षणाचं बघू.

तुमच्याकडे पदवी आहे, त्यामुळे तीन वर्षांची हॉटेल मॅनेजमेंटची पदवी पुन्हा करणं मला पटत नाही. बारावीच्या मुलांनी तो विचार जरूर करावा. राष्ट्रीय पातळीची एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा द्यायची आणि आयएचएममध्ये (इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट) जायचं. दादरची आयएचएम मुंबई १९५४ पासूनची आहे, गोव्यात पर्वरीला आहे, पुण्यात राज्य सरकारची वेगळी संस्था आहे. पण तिथे पहिली काही सत्रं हाउसकीपिंग, फ्रंट ऑफिस, सर्व्हिस सगळंच शिकवतात आणि बेकरी त्यात एक भाग असतो. तुमच्यासाठी त्याहून सोयीचा आहे तो आयएचएमचा बेकरी आणि कन्फेक्शनरीचा डिप्लोमा. साधारण दीड वर्षाचा, बारावीनंतरचा, आणि शेवटचे काही महिने इंडस्ट्रियल ट्रेनिंगचे. तो सगळ्याच आयएचएममध्ये नसतो, त्यामुळे त्या त्या वर्षीची माहितीपत्रिका बघा. आणखी एक वाट लोक तुच्छतेने बघतात, ती म्हणजे आयटीआय. तिथे बेकर अँड कन्फेक्शनर हा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावी पासवर प्रवेश मिळतो, आणि फी इतकी कमी की वडिलांना एफडी आठवणारही नाही. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली अप्रेंटिस म्हणून मोठ्या हॉटेलात शिरता येतं आणि स्टायपेंडही मिळतो. माझ्याकडचा सगळ्यात भरवशाचा हात आयटीआयचा आहे.

आता खासगी संस्था. बेंगळुरूची लवॉन २०१२ पासून आहे. गुरुग्राम-बेंगळुरूकडे अकॅडमी ऑफ पेस्ट्री अँड कलिनरी आर्ट्स आहे, मुंबईत स्कूल फॉर युरोपियन पेस्ट्री आहे, चॉकलेटपुरतं शिकायचं तर बॅरी कॅलेबोची चॉकलेट अकॅडमी मुंबईत आहे. चांगल्या संस्थांमध्ये जे सहा महिन्यांत शिकता येतं ते हॉटेलात शिकायला दोन वर्षं लागतील, यात शंका नाही. पण हॉटेलात एक गोष्ट हजार वेळा कराल. इथे हजार गोष्टी एकेकदा कराल. एकदा केलेलं हात विसरतो. माझं निरीक्षण असं की बेकरीत किंवा हॉटेलात वर्षभर काम करून मग अशा कोर्सला गेलेली माणसं फीचा पैसा वसूल करतात, कारण कुठे प्रश्न विचारायचा हे त्यांना माहीत असतं. थेट घरातून गेलेल्यांच्या फोनमध्ये सुंदर फोटो असतात आणि ट्रायलला हात थरथरतात. जायचंच असेल तर फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. एका ओव्हनमागे आणि एका मिक्सरमागे किती विद्यार्थी? प्रत्येक पदार्थ मी स्वतः करणार की चौघांच्या गटात एकजण फेटणार आणि बाकीचे बघणार? आणि मागच्या बॅचचे विद्यार्थी आज कुठल्या किचनमध्ये, कुठल्या पदावर आहेत? 'शंभर टक्के प्लेसमेंट' हे उत्तर ऐकून घ्या आणि दोघा-तिघांचे फोन नंबर मागा.

पॅरिसचं स्वप्न असेल तर तेही थांबवून ठेवा. ल कॉर्दों ब्लू १८९५ पासूनची शाळा आहे, तिचं नाव चालतं. मुंबईत मॅकरॉन (बदामाच्या पिठाची फ्रेंच बिस्किटं) लोकप्रिय करणाऱ्या पूजा धिंग्रा तिथेच शिकल्या आणि २०१० साली परतून त्यांनी ल फिफ्टीन सुरू केलं. पण राहणं-खाणं धरून वीस लाखांच्या वर सहज जातात, आणि परत आल्यावर इथल्या हॉटेलात सुरुवात तुमच्या-आमच्यासारखीच खालून होते. स्वतःचं दुकान काढायची पुंजी मागे असेल तर वेगळी गोष्ट.

आता ट्रायलबद्दल, कारण नोकरी इथे मिळते, बायोडेटावर नाही. मी मुलांना केक करायला लावत नाही. पेस्ट्री क्रीम करायला लावते. १ लिटर दूध, २०० ग्रॅम पिवळा बलक, २२० ग्रॅम साखर, ८० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, १०० ग्रॅम बटर, व्हॅनिला. यात लपायला जागा नाही. आधी बघते ती वजनकाट्याकडे. भांडं ठेवून काटा शून्यावर आणला का? बलक मोजून घेतला की वजनाने? आपलं अंडं लहान असतं. फ्रेंच पुस्तकात 'दहा बलक' लिहिलेलं असतं तिथे आपले बारा-तेरा लागतात, त्यामुळे अंड्यांची संख्या मोजणारा माणूस पहिल्याच पायरीला घसरतो. मग बलक-साखर-कॉर्नफ्लोअर फेटून त्यावर गरम दूध थोडं थोडं. सगळं पातेल्यात परत, आचेवर. इथे खरा फरक कळतो. मिश्रण घट्ट झालं की नवखा माणूस घाबरून गॅस बंद करतो. पण बलकात स्टार्च मोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं. मिश्रणाला मधोमध बुडबुडे येईपर्यंत नेऊन आणखी मिनिटभर सतत हलवत उकळलं नाही, तर ते जिवंत राहतं आणि आज घट्ट दिसणारं क्रीम उद्या सकाळी पाणी सोडतं. उतरवल्यावर बटर घालून ते पातेल्यात तसंच ठेवलं, की माझी ट्रायल तिथेच संपते. पसरट ट्रेमध्ये पातळ ओतायचं, वर प्लास्टिक फिल्म थेट क्रीमला चिकटवून, आणि लवकरात लवकर ५ अंशांखाली. दूध, अंडं आणि कोमटपणा एकत्र आले की जंतूंची पंगत बसते. शेवटी ट्रेवर चिकटपट्टी लावून नाव, तारीख, वेळ लिहिली का, आणि टेबल पुसलं का. एवढं करणाऱ्याला क्रीममध्ये एखादी गुठळी राहिली तरी मी ठेवून घेते. गुठळी शिकवून जाते, तारीख न लिहिण्याची सवय जात नाही.

ट्रायलची तयारी घरी करता येते, आणि त्याला साडेचार लाख लागत नाहीत. अर्धा ग्रॅम दाखवणारा काटा, टोचायचा डिजिटल थर्मामीटर, ओव्हनच्या आत ठेवायचा वेगळा थर्मामीटर (घरगुती ओव्हनचा नॉब वीस-तीस अंशांनी खोटं बोलतो) आणि वही. कप आणि चमचे कपाटात टाका. प्रत्येक पाककृती मैदा १०० धरून टक्केवारीत लिहायला शिका. मग एक किलोची वीस किलो करताना अडखळणार नाही आणि दुसऱ्याची पाककृती वाचूनच कळेल की हा केक कोरडा होणार.

चॉकलेटचं तर वेगळंच. तुम्ही आजवर जे वापरलंय ते बहुतेक कंपाउंड असणार. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं, म्हणून ते वितळवून ओतलं की आपोआप बसतं. हॉटेलात कुव्हेर्चर असतं, किमान ३१ टक्के कोको बटरवालं, आणि ते टेंपर करावं लागतं. डार्क ४५-५० अंशांवर वितळवायचं, २७-२८ वर आणायचं, परत ३१-३२ वर नेऊन वापरायचं. दूधवालं आणि पांढरं आणखी दोन-तीन अंश खाली. चुकलं की पांढुरके पट्टे येतात आणि तोडताना कट् आवाज येत नाही. मे महिन्यात सांगलीत पंख्याखाली हे होणार नाही. खोली २० अंशांच्या आसपास हवी. म्हणून पाव किलो कुव्हेर्चर आणा आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे बसा. तेच पाव किलो पुन्हा पुन्हा वितळवून सराव होतो, वाया काहीच जात नाही. पावसाळ्यात मात्र मॅकरॉन आणि मेरँगच्या (अंड्याचा पांढरा भाग आणि साखर फेटून केलेला पदार्थ) वाटेला जाऊ नका. हवेतलं पाणी साखर ओढून घेते, आणि हात चांगला असूनही आपल्याला जमत नाही असं वाटून जीव खट्टू होतो.

अंड्याचा प्रश्न तुम्ही शेवटी, जरा संकोचानेच विचारलाय, पण तोच सगळ्यात मोठा आहे. सरळ सांगते: हॉटेलच्या पेस्ट्री सेक्शनमध्ये अंड्याला हात लावावाच लागतो, आणि चाखावंही लागतं. न चाखता पाठवलेला पदार्थ म्हणजे डोळे मिटून गाडी चालवणं. मूस घट्ट बसवणारं जिलेटिन प्राण्यांचं असतं, तेही रोज हाताळावं लागतं. काही मुली चाखून थुंकतात, पाण्याने चूळ भरतात. ते चालतं, कुणी हसत नाही. घरच्यांना काय वाटेल त्याआधी स्वतःशी ठरवा की कामाच्या जागी चालेल का. नसेल चालणार, तरी दार बंद होत नाही. महाराष्ट्र आणि गुजरातेत एगलेसची मागणी प्रचंड आहे. जैन-मारवाडी लग्नांची केटरिंग, एगलेस केकच्या साखळी दुकानांची सेंट्रल किचन, मिठाईवाल्यांचे नवे डेझर्ट विभाग यांना एगलेस खरोखर समजणारी माणसं मिळत नाहीत. समजणारी म्हणजे प्रीमिक्सचं पाकीट फोडणारी नव्हेत. अंडं केकमध्ये तीन कामं करतं: सांगाडा धरतं, हवा धरतं आणि तेल-पाणी एकत्र बांधतं. दही-सोड्याने हवा येते पण सांगाडा नाही. कंडेन्स्ड मिल्कने ओलावा आणि गोडी येते पण हवा नाही. कुठल्या केकला कुठलं काम महत्त्वाचं हे कळलं, की पर्याय सुचतो. जिलेटिनऐवजी अगर-अगर (समुद्री शेवाळापासूनचं) वापरायचं तर ते उकळावंच लागतं, आणि मूसमध्ये ते ठिसूळ बसतं, म्हणून प्रमाण बदलावं लागतं. हे सगळं तुम्ही दोन वर्षं नकळत करतच आहात. वहीत उतरवा. तुमचा हा अनुभव मुंबईच्या कोर्समधून आलेल्या मुलाकडे नसतो.

घरचाच धंदा वाढवायचा असेल तर आधी कागद-पेन्सिल घ्या. समजा अर्ध्या किलोच्या ट्रफल केकचं साहित्य १८० रुपये, बॉक्स-बोर्ड-मेणबत्ती ४०, वीज-गॅस २०. विक्री ४५० ला. उरले २१०, आणि त्यात तुमचे दोन तास. म्हणजे ताशी १०५ रुपये. त्यातूनच फाटलेलं क्रीम, रद्द झालेली ऑर्डर, ऐनवेळी मागवलेली रिक्षा. दहा केक एकाच दिवशी, एकाच फ्लेव्हरचे केले तर एका केकमागचे तेच दोन तास पाऊण तासावर येतात आणि मग धंदा दिसायला लागतो. म्हणजे इथेही तेच: माल. कुणी सांगेल तो फ्लेव्हर आणि कुणी दाखवेल ते डिझाइन, हे थांबवल्याशिवाय घरचा धंदा धंदा होत नाही. पुण्यातली कयानी १९५५ पासून मोजक्याच गोष्टी करते आणि श्रूजबरी बिस्किटांसाठी लोक अजून रांग लावतात. विक्री करताय तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आजच करून घ्या, ती ऑनलाइन होते. मोठ्या दुकानाला किंवा कॅफेला माल द्यायचा तर पहिला प्रश्न तोच असतो.

हॉटेलच्या पगाराबद्दल फार आशा ठेवू नका. मुंबई-पुण्यात कॉमी म्हणून हातात साधारण पंधरा ते वीस हजार येतात. मोठ्या हॉटेलात जेवण आणि गणवेश असतो, राहण्याचं बहुधा आपलं आपण. कॉमीच्या तीन पायऱ्या, मग डेमी शेफ, मग शेफ द पार्ती (एका सेक्शनचा प्रमुख), मग सू शेफ (मुख्य शेफचा सहायक), मग पेस्ट्री शेफ. शेफ द पार्तीपर्यंत पोचायला चार-पाच वर्षं धरा. पैसा खरा सुरू होतो तो तिथून. पहिली नोकरी निवडताना ब्रँडचं नाव बघू नका, सेक्शन बघा. काही मोठ्या हॉटेलांत क्रोसाँ आणि केकचे बेस गोठवलेले येतात आणि तिथे फक्त भाजायचं आणि सजवायचं असतं. दोन वर्षांनी बायोडेटावर नाव झळकेल, पण हाताला लाटण्याची ओळख नसेल. मुलाखतीत विचारा, 'क्रोसाँ इथेच लॅमिनेट होतात का?' म्हणजे पीठ-लोण्याचे थर इथेच लाटून घड्या घालतात का? उत्तर होय असेल आणि शीटर (पीठ लाटायचं यंत्र) दाखवला, तर पगार दोन हजार कमी असला तरी तिथेच लागा. १ किलो मैद्याला अर्धा किलो लोणी, तीन साध्या घड्या म्हणजे सत्तावीस थर, पीठ आणि लोणी दोन्ही थंड पण लवचिक, आणि फुगवायला २६-२७ अंश, त्याहून वर गेलात की लोणी थरांतून गळून ट्रेवर येतं. रोज दोनशे केल्यावर हे आकडे बोटांत उतरतात.

जहाज आणि आखात हे मराठी आणि गोंयकार मुलांचे जुने रस्ते आहेत. क्रूझवर कराराचे सहा ते नऊ महिने सलग काम, सुट्टीचा वार नाही, पण खर्चही नाही, आणि माल इतका की वर्षात हात तयार होतो. दोन वर्षं इथे झाली की विचार करा. त्यासाठी सीडीसी (खलाशाचं ओळखपत्र-पुस्तक), एसटीसीडब्ल्यूचं (जहाजावरच्या कामाचा आंतरराष्ट्रीय नियम) सुरक्षा प्रशिक्षण आणि मेडिकल लागतं. जहाजाच्या नोकरीसाठी एजन्सीकडे डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या नौवहन कार्यालयाचा आरपीएसएल (भरती करण्याचा) परवाना हवा, आणि परवानाधारक एजन्सीला नोकरी लावण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेता येत नाहीत. मागितले की उठून या. आखाताच्या नोकरीसाठी एजंट केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघा; त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी इतकीच सेवाफी घेता येते. दीड-दोन लाख मागणारा माणूस कितीही ओळखीचा असला तरी नको.

शरीराचंही बघा. मैद्याचं पोतं ५० किलोचं असतं. एकटीने उचलायचा शूरपणा करू नका, दोघींनी धरा. दहा-बारा तास उभं राहून पायाच्या शिरा फुगतात, म्हणून पहिल्या पगारातून चांगले बूट घ्या, फोन नंतर. मैद्याची धूळ वर्षानुवर्षं छातीत जाऊन काहींना दमा लागतो, त्यामुळे पोतं मिक्सरमध्ये ओतताना मास्क. रात्रपाळी असेल तर हॉटेलची ने-आण करणारी गाडी आहे का, हे मुलाखतीतच विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही, विचारलं नाही तर मिळत नाही.

वडिलांना माझ्यातर्फे एवढं सांगा की एफडी वर्षभर तशीच राहू दे. वर्ष बेकरीत आणि मग जमलं तर एखाद्या हॉटेलात ट्रेनी म्हणून काढा. त्यानंतरही कोर्स करावासा वाटला, तर तेव्हा कुठला आणि कशासाठी हे तुम्हाला बरोबर माहीत असेल, आणि कदाचित सहा महिन्यांऐवजी चॉकलेटचे दोन आठवडेच पुरतील. कुठेही लागलात तरी दोन वर्षांचा बाँड आणि मूळ मार्कशीट जमा करा असं कुणी म्हणालं तर मार्कशीट देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा आणि परत पिशवीत घाला. ट्रायलला जाताना स्वतःचा पॅलेट नाइफ, थर्मामीटर, काळा मार्कर आणि चिकटपट्टी घेऊन जा.